निर्जन बेटासाठी सोलचा डबा: आठ कलाकार, एक प्लेअर, प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू. बीबीसी रेडिओवर १९४२ साली एक कार्यक्रम सुरू झाला, पाहुण्याला विचारायचं की निर्जन बेटावर एकटं राहायची वेळ आली तर कुठल्या आठ रेकॉर्ड बरोबर न्याल. तोच खेळ मी फक्त सोल म्युझिकपुरता (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या गाण्यातून निघालेलं संगीत) खेळतोय, आणि नुसती कागदावर यादी नाही तर खरोखर वाजणारा डबा बनवतोय. छोटा जुना प्लेअर, इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही, त्यात आठ कलाकार आणि प्रत्येकाचा एकच अल्बम. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून जसं घडेल तसं लिहितोय.

नियम. रेकॉर्डिंग १९५४ ते १९७६ मधलं हवं, म्हणजे रे चार्ल्सनं चर्चच्या गाण्याचा बाज उचलून 'आय गॉट अ वूमन' केलं तिथपासून ते डिस्कोनं सगळं व्यापलं त्याच्या आधीपर्यंत. बाजारात नंतर आलं असेल तरी चालेल. अल्बम विकत घेतलेला हवा. आठ म्हणजे आठ, नववा चालणार नाही.

कच्ची यादी केली तर चाळीसच्या वर नावं झाली. परवा, १० तारखेला, सॅम मूर गेले, वय ८९. सॅम अँड डेव्ह या गायकांच्या जोडीतले सॅम. 'होल्ड ऑन, आयम कमिन' मधला तो वरचा आवाज त्यांचा. यादीत त्यांचं नाव आधीपासून होतं, काल दिवसभर तेच ऐकलं, आणि ऐकताना असं वाटलं की यात सॅम किती, डेव्ह किती, मागे वाजवणारे किती आणि गाणं लिहिणारे आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर किती हे वेगळं काढताच येत नाही. एक कलाकार निवडायचा म्हणजे नक्की काय निवडायचं, इथेच गाडी अडली.

१९ जानेवारी

आज निवड बाजूला, हार्डवेअर. शर्टाला अडकवायचा क्लिपवाला जुना प्लेअर ऑनलाइन सेकंडहँड मिळाला, २२०० रुपये. उघडला तर बॅटरी फुगलेली, विकणाऱ्यानं याबद्दल एक शब्द काढला नव्हता. नवीन लिथियम पॉलिमर बॅटरी लॅमिंग्टन रोडला ३५० ला मिळाली. दोनच वायरी सोल्डर करायच्या असतात, काम सोपं आहे, पण जुनी बॅटरी काढताना स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, प्लास्टिकच्या पट्टीनं कडेकडेनं सैल करत उचला. फुगलेल्या बॅटरीला भोक पडलं तर आग लागते.

मेमरी कार्डात दुपार गेली. १२८ जीबीचं म्हणून स्वस्तात घेतलेलं कार्ड नकली निघालं. कॉम्प्युटरवर १२८ दिसतं, गाणी चढतातही, पण एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे तो कार्ड पूर्ण भरतो आणि परत वाचून बघतो, त्यात ८ जीबीच्या पुढचं सगळं बाद निघालं. नवीन कार्ड घेतलं की आधी ही टेस्ट लावा, मगच गाणी टाका. तसंही एवढी जागा लागतच नाही. सीडीवरून काढलेली फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घालवता छोटी केलेली) चाळीस मिनिटांच्या अल्बमला साधारण २५० एमबी धरा, आठ अल्बम म्हणजे दोन-अडीच जीबी. ३२ जीबीचं चांगलं कार्ड घेतलं, विषय संपला.

२६ जानेवारी

निवडीची पहिली पद्धत होती प्रत्येकाचं 'बेस्ट ऑफ' घ्यायचं. फसली, आणि पैसेही गेले.

स्वस्तातल्या बऱ्याच 'बेस्ट ऑफ' सीड्यांमध्ये मूळ रेकॉर्डिंग नसतंच. गायक तोच असतो पण गाणं दहा-वीस वर्षांनी परत रेकॉर्ड केलेलं असतं, आणि मागच्या कव्हरवर अगदी बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. ऐकल्यावर लगेच कळतं, ड्रम कोरडा आणि मशीनसारखा, ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या जागी कीबोर्ड, आणि आवाज थकलेला. माझ्याकडे अशा दोन सीड्या आल्या, परत घेत नाहीत. विकत घ्यायच्या आधी मूळ गाण्याची लांबी बघून ठेवा, सेकंद फार वेगळे असतील तर सोडून द्या.

दुसरी पद्धत मार्कांची. आवाज, गाणी, वादक, सगळ्याला दहापैकी मार्क. सगळ्यांनाच आठ-नऊ पडले. मार्क देऊन होणारं हे काम नाही.

आता ठरवलं की फक्त त्या काळात निघालेले मूळ अल्बम, किंवा त्या काळातलं एका बैठकीचं पूर्ण रेकॉर्डिंग. रिदम हाऊस हे रेकॉर्ड-सीड्यांचं दुकान २०१६ ला बंद झालं तेव्हापासून मुंबईत हे जाऊन चाळून घ्यायला जागाच उरली नाही, त्यामुळे सगळं मागवावं लागतं, एक सीडी ७०० ते १२०० च्या आसपास पडते आणि यायला आठवडे लागतात. सीड्या येतील त्या क्रमानं निर्णय होणार.

२ फेब्रुवारी

रस्ता सापडला. कलाकारांची यादी बाजूला ठेवली आणि रेकॉर्डिंग कुठल्या खोलीत झालं त्याप्रमाणे चिठ्ठ्या लावल्या, एक खोली म्हणजे एक रांग, आणि चाळीस नावं भराभर सहा-सात रांगांत बसली.

मेम्फिसला मॅकलेमोर ॲव्हेन्यूवर स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी बंद पडलेलं कॅपिटल नावाचं सिनेमा थिएटर घेतलं, खुर्च्या काढल्या पण जमिनीचा उतार तसाच राहिला, आणि त्या उतारावर बसून सगळ्यांनी एकदम वाजवायचं. घरचा बँड म्हणजे बुकर टी अँड द एमजीज, दोन काळे दोन गोरे, आणि हे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या त्या काळच्या मेम्फिसमध्ये. डेट्रॉइटला २६४८ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड, बेरी गॉर्डीनं घरच्यांकडून ८०० डॉलर उधार घेऊन १९५९ मध्ये सुरू केलेली रेकॉर्ड कंपनी मोटाउन, एका साध्या घराच्या मागचा स्टुडिओ, आणि तिथला घरचा बँड फंक ब्रदर्स. अलाबामात मसल शोल्स. मेम्फिसमध्येच दुसरं जुनं थिएटर, रॉयल स्टुडिओ. शिकागो. फिलाडेल्फियाचं सिग्मा साउंड.

हे मांडून झाल्यावर एक गोष्ट दिसली ती मला फार महत्त्वाची वाटते. बेटावर माणसं नसणार. पाणी, सावली, मासे यांची सोय होईल, पण कुणी बोलणारं नसेल. मग तिथे न्यायचं रेकॉर्डिंग असं हवं की ज्यात माणसं भरलेली आहेत, कुणी गायकाला उलट ओरडून उत्तर देतंय, कुणी नावानं हाक मारतंय, ड्रमवाला बासवाल्याकडे बघतोय हे ऐकू येतंय. आता निवडीची कसोटी हीच. आवाज कितीही सुंदर असो, खोली रिकामी वाटली तर बाहेर.

पहिला प्रवेश ओटिस रेडिंगचा, 'ओटिस ब्लू'. जुलै १९६५, स्टॅक्स, जवळजवळ सगळा अल्बम एका दिवस-रात्रीत रेकॉर्ड केला, मध्ये रात्री काही तास थांबले कारण वादकांना क्लबात ठरलेले कार्यक्रम वाजवायला जायचं होतं, ते वाजवून परत आले आणि पुढे सुरू. ११ गाणी, त्यातली ३ सॅम कुकची. सॅम कुक डिसेंबर १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात गोळी लागून मेला होता, वय ३३, आणि सात महिन्यांत ओटिस त्याची तीन गाणी घेऊन उभा आहे. 'अ चेंज इज गॉना कम' सॅम कुक गातो तेव्हा मागे मोठा ऑर्केस्ट्रा आहे, ओटिस गातो तेव्हा घरचा बँड आणि ब्रासवाले (ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले) एवढेच आहेत आणि त्याचा आवाज ओळीच्या शेवटी फाटतो. अल्बममध्ये 'रिस्पेक्ट' पण आहे, मूळ ओटिसचं. ते पुढे कुणाकडे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

सीडी घेताना एक बघा, हा अल्बम मोनो आणि स्टीरिओ दोन्हींत मिळतो. मी मोनो टाकला. एका छोट्या इअरफोनवर स्टीरिओत ब्रास एका कानात आणि ओटिस दुसऱ्या कानात असं होतं, मोनोत सगळे एकत्र उभे आहेत.

९ फेब्रुवारी

अरीथा फ्रँकलिन येणार यात शंका नव्हती, प्रश्न कुठली अरीथा. १९६७ ची की १९७२ ची.

१९६७ ची बाजू भक्कम आहे. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत सहा वर्षं काढून ती अटलांटिक कंपनीकडे आली, जानेवारीत मसल शोल्सला एक गाणं पूर्ण झालं आणि तिच्या नवऱ्याची आणि स्टुडिओवाल्यांची एवढी भांडणं झाली की सगळं गुंडाळून परत जावं लागलं, मग तेच वादक न्यूयॉर्कला नेले. १४ फेब्रुवारीला 'रिस्पेक्ट'. ओटिसच्या मूळ गाण्यात मधला तुकडा नाहीच. अरीथाच्या रेकॉर्डमध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो, आणि त्याच्याखालचे कॉर्ड सॅम अँड डेव्हच्या एका गाण्यातून उचललेले आहेत. म्हणजे एका गाण्यात ओटिस, सॅम मूर, किंग कर्टिस आणि मागे गाणाऱ्या अरीथाच्या बहिणी.

तरी १९७२ घेतलं, 'अमेझिंग ग्रेस'. वसईचा माझा एक मित्र चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, त्याला दोन्ही ऐकवले. तो म्हणाला, "अरे, पहिल्यात ती गाते, दुसऱ्यात सगळे गातात. बेटावर तू एकटाच ना? मग दुसरं घे."

जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च, दोन रात्री. पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड, मागे कोरस, ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बासवर चक रेनी. याचं शूटिंगही झालं होतं पण आधी चित्र आणि आवाज जुळवता येईनात आणि पुढे अरीथानंच कोर्टात जाऊन अडवलं, म्हणून ती फिल्म २०१८ पर्यंत लोकांसमोर आलीच नाही. शीर्षकगीत दहा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात शब्द किती, फारच थोडे. ती एक अक्षर धरते, वर नेते, तिथेच थांबते, आणि त्या थांबलेल्या जागेत लोक बोलायला लागतात, आधी एक बाई, मग दोघं-तिघं, मग सगळं चर्च. आपल्याकडे भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलून वर नेतात, बुवा परत त्यांच्यावर चढतात, बरोबर तीच देवाणघेवाण इथे चालू आहे. मित्राचं म्हणणं पियानोकडे लक्ष दे, क्लीव्हलंड तिच्या मागे जात नाही, ती श्वास घ्यायला थांबली की तो पुढची पायरी ठेवून देतो. तसं ऐकलं, आणि आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

सीडीवर ट्रॅक क्रमांक ६ ला स्क्रॅच होता, रिप होताना (सीडीवरून कॉम्प्युटरवर काढताना) एरर. साबणाच्या पाण्यानं धुऊन मधून कडेकडे सरळ पुसली, गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये परत काढली, साफ निघाली. रिपिंगला एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरतोय, ते प्रत्येक ट्रॅक दुसऱ्यांच्या रिपशी ताडून बघतं.

१५ फेब्रुवारी

मार्विन गे, 'व्हॉट्स गोइंग ऑन', मे १९७१. निवड सोपी होती, वाजवणं अवघड निघालं.

या अल्बममध्ये गाणी एकात एक मिसळत जातात, पहिल्या बाजूला तर थांबणं जवळजवळ नाहीच. प्लेअरचं मूळ सॉफ्टवेअर दोन ट्रॅकच्या मध्ये अर्धा सेकंद गप्प होतं. अर्धा सेकंद ऐकायला काही नाही, पण इथे प्रत्येक वेळी दार आपटल्यासारखं वाटतं. आधी सगळ्या बाजूची एकच मोठी फाइल करून बघितली, वाजते नीट पण मग मधलं गाणं शोधता येत नाही. मग प्लेअरवर रॉकबॉक्स टाकलं. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच जुन्या प्लेअरवर चालतं, आणि फ्लॅक फाइल एकमेकींना चिकटून वाजवतं. टाकताना बॅटरी पूर्ण चार्ज हवी. झालं, दार आपटणं बंद.

हा अल्बम माझ्या कसोटीला का उतरतो तर सुरुवातीलाच खोलीत माणसं आहेत, एकमेकांना काय चाललंय विचारतायत. त्यात डेट्रॉइट लायन्स टीमचे अमेरिकन फुटबॉलचे दोन खेळाडू आहेत, मेल फार आणि लेम बार्नी, मार्विनचे मित्र. मार्विनचे दोन आवाज एकावर एक ऐकू येतात ते मुळात ठरवलेलं नव्हतं, इंजिनिअरनं दोन वेगवेगळे टेक चुकून एकत्र वाजवले आणि मार्विनला ते आवडलं, मग पूर्ण अल्बमभर तो स्वतःशीच बोलत राहिला. बासवर जेम्स जेमरसन. अरेंजर डेव्हिड व्हॅन डिपिट सांगायचा की जेमरसनला त्या रात्री क्लबातून उचलून आणलं, नीट बसता येईना इतका प्यायलेला, म्हणून त्यानं जमिनीवर पाठ टेकून पडल्या पडल्या वाजवलं. इअरफोन लावून फक्त बास ऐका, माणूस गातोय तसं वाजवलंय. आणि तोपर्यंत मोटाउन वादकांची नावं कव्हरवर छापतच नसे, या अल्बमवर छापली. एवढी वर्षं एवढी गाणी वाजवली आणि नाव पहिल्यांदा १९७१ मध्ये, याचा मला अजूनही राग येतो.

गॉर्डीला शीर्षकगीत काढायचंच नव्हतं, हे चालणार नाही म्हणाला होता. चाललं.

१६ फेब्रुवारी

स्टीव्ही वंडर बाहेर. हे लिहायला जड जातंय कारण १९७२ ते १९७६ मधले त्याचे पाच अल्बम म्हणजे एका माणसानं इतक्या कमी वेळात केलेलं इतकं मोठं काम दुसरं मला माहीत नाही. पण 'टॉकिंग बुक' आणि 'इनरव्हिजन्स' वर ड्रम तोच, पियानो तोच, टॉन्टो नावाच्या खोलीभर पसरलेल्या सिंथेसायझरवर बासही बऱ्याच गाण्यांत तोच. एकटा माणूस सगळं वाजवतो. एकट्या माणसानं एकट्या माणसाला बेटावर ऐकवायचं, कसोटीप्रमाणे हे बसत नाही. घरी तो वाजतच राहील.

फिलाडेल्फियाची रांगही अख्खी निघाली. तिथला ओजेज हा गायकांचा गट मला आवडतो, पण त्यांचे निर्माते गँबल-हफ यांच्या रेकॉर्डमध्ये व्हायोलिनं आणि ब्रास इतकं गुळगुळीत बसवलेलं असतं की कोण कुठे बसलंय ते कळत नाही.

२२ फेब्रुवारी

जेरी बटलर २० तारखेला शिकागोत गेले. हे इम्प्रेशन्स या गटाचे पहिले गायक, आणि ओटिसबरोबर 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' लिहिणारे. ते गाणं 'ओटिस ब्लू' वर आहे, म्हणजे माझ्या डब्यात ते आधीच बसलेले आहेत. आज त्यांचाच शाळकरी वयापासूनचा जोडीदार कर्टिस मेफिल्ड ठरवायला घेतला.

कर्टिसची गिटार वेगळी का वाजते हे समजून घ्यायला भाच्याची गिटार आणली. कर्टिस आपलं आपण शिकला आणि पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर तारा लावून घेतल्या, त्यामुळे नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी एफ शार्पचा कॉर्ड निघतो. सहाव्या तारेपासून एफ शार्प, ए शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, एफ शार्प. यात तीन तारा वर चढवाव्या लागतात, आणि सगळ्यात बारीक तार नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर जाताना तुटली. १० नंबरच्या ऐवजी ०९ चा सेट लावला, हळूहळू ताणला, टिकला. मग बोट न लावता तारांवरून हात फिरवला आणि लगेच तो ओळखीचा मऊ आवाज, आणि मग एक बोट उचल-ठेव केलं की त्याची ती छोटी नक्षी आपोआप यायला लागते. हे मात्र करून बघाच, दीडशे रुपयांची तार जाईल फार तर.

अल्बम 'कर्टिस लाइव्ह', १९७१, न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवरचा बिटर एंड नावाचा छोटासा क्लब. पाचच जण स्टेजवर, त्यात तालवाद्यांवर मास्टर हेन्री गिब्सन. 'सुपरफ्लाय' जास्त गाजलेला आहे पण इथे कर्टिस गाण्यांच्या मध्ये लोकांशी बोलतो, अगदी हळू, घरात बसल्यासारखं. 'वुई आर अ विनर' हे काळ्यांच्या स्वाभिमानाचं गाणं काही रेडिओ स्टेशनांनी वाजवायला नकार दिला होता, क्लबात मात्र लोक ओळ संपायच्या आत हो म्हणतात. याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. माझ्या डब्यातले निम्मे अल्बम १९७१-७२ चे आहेत हे चिठ्ठ्या लावताना लक्षात आलं, आणि हे एकाच वेळचं वारं आहे असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट १९९० मध्ये ब्रुकलिनला स्टेजवर दिव्यांचा सांगाडा अंगावर पडून कर्टिसचं मानेखालचं शरीर गेलं. गिटार संपली. १९९६ चा अल्बम त्यानं पाठीवर झोपून, एक एक ओळ करत गायला. तो माझ्या काळात बसत नाही म्हणून नाही घेतला, पण ऐका.

२५ फेब्रुवारी

काल रोबर्टा फ्लॅक गेल्या, ८८ वर्षांच्या. दीड महिन्यात यादीतली तीन माणसं.

संध्याकाळी 'फर्स्ट टेक' लावला. ही शिकवणारी बाई, वॉशिंग्टनमध्ये शाळेत शिकवायची आणि रात्री क्लबात पियानो वाजवून गायची, १९६९ मध्ये दहा तासांत हा अल्बम केला. तिच्याच हॉवर्ड युनिव्हर्सिटीतला डॉनी हॅथवे, पुढे दोघांची जोडीगीतं गाजली. आठवी जागा या दोघांपैकी एकाला असं माझ्या डोक्यात होतं आणि आज तरी मन रोबर्टाकडे होतं.

डॉनीचा 'लाइव्ह', १९७२, पहिली बाजू हॉलिवूडच्या ट्रूबडूर क्लबात आणि दुसरी परत त्याच बिटर एंडमध्ये. 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' लागलं. पियानोचे पहिले सूर ओळखून कुणीतरी बाई किंचाळते, आणि धृपद आलं की डॉनी जवळजवळ गप्प बसतो, सगळा क्लब गातो, सुरात, तालात, दोन आवाजांत. 'तुला एक मित्र आहे' हे एक माणूस म्हणत नाहीये, खोलीभर माणसं म्हणतायत. शेवटच्या लांब गाण्यात विली वीक्सचा बास सोलो आहे, त्यात लोक प्रत्येक तुकड्याला दाद देतात. डॉनी १९७९ मध्ये ३३ व्या वर्षी गेला, मनाच्या आजारानं खूप सोसलं त्यानं. निर्णय डॉनी. बेटासाठी याहून योग्य रेकॉर्ड मला माहीत नाही.

२ मार्च

आवाजाची पातळी. अल ग्रीनचा 'कॉल मी' टाकला आणि गोंधळ उडाला. नवीन रिमास्टर सीडी (जुनं रेकॉर्डिंग नव्यानं साफसूफ करून काढलेली) खूप मोठ्यानं वाजते, जुनी हळू. ओटिसनंतर कुठलाही नवा रिमास्टर लागला की कानात ओरडतो. फूबार नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइल निवडून रीप्लेगेन (सगळं सारख्या आवाजात वाजावं म्हणून काढलेलं माप) मोजला आणि रॉकबॉक्समध्ये चालू केला. सेटिंग 'अल्बम' ठेवा, 'ट्रॅक' नको, ट्रॅक ठेवलं तर हळू गाणं उगीच मोठं होतं आणि गायकानं जाणूनबुजून केलेली कुजबुज मरते.

अल ग्रीनच्या बाबतीत तर तीच मुख्य गोष्ट. निर्माता विली मिचेल त्याला सांगत राहिला की हळू गा, अजून हळू. रॉयल स्टुडिओ, तीन हॉजेस भाऊ, टीनी गिटारवर, लेरॉय बासवर, चार्ल्स ऑर्गनवर. सख्खे भाऊ असल्यामुळे कुणी कुणाच्या पायात येत नाही. ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स, आणि काही गाण्यांत स्टॅक्सचा अल जॅक्सन. इथे गर्दी नाही, ओरडणारं कुणी नाही, तरी खोली भरलेली वाटते, माणसं शेजारी बसून वाजवतायत इतकी जवळ.

बिल विदर्स याच जागेवरून हुकला. 'जस्ट ॲज आय ॲम' चा निर्माता बुकर टी, ड्रमवर परत अल जॅक्सन. दोन्ही परत परत ऐकले, अल ग्रीन रात्री जास्त चांगला वाजतो एवढंच कारण देता येईल.

९ मार्च

यादी ताईला दाखवली. ओटिस, अरीथा, मार्विन, कर्टिस, डॉनी, अल ग्रीन, सॅम कुक, जेम्स ब्राउन.

ताई म्हणाली, "अरे, आठात एकच बाई?"

मी म्हटलं, "अगं ताई, खोल्यांप्रमाणे निवडलंय, बाई-पुरुष बघून नाही."

"मग खोल्या नीट बघितल्या नाहीस. मेव्हिस कुठल्या खोलीत आहे?"

मेव्हिस स्टेपल्स मसल शोल्सच्या रांगेत होती, आणि त्या रांगेतून एकही अल्बम अजून आलेला नव्हता. स्टेपल सिंगर्स, १९७२ चा 'बी ॲल्टिट्यूड: रिस्पेक्ट युवरसेल्फ'. बाप पॉप्स स्टेपल्स आणि त्याच्या मुली, कंपनी स्टॅक्स, पण वाजवणारे मसल शोल्सचे चौघं, जे अरीथाच्या १९६७ च्या त्या बिनसलेल्या सेशनच्या गावचे. 'आयल टेक यू देअर' ला धड कडवी नाहीत, दोन कॉर्डवर गाणं फिरत राहतं, आणि मध्ये मेव्हिस पियानोवरच्या बॅरी बेकेटला नावानं हाक मारते, मग बासवाल्या डेव्हिड हूडला 'लिटल डेव्ही' म्हणते, आणि हूड लगेच उत्तर देतो, बासवर. हाक आणि ओ. मी महिनाभर हेच शोधत होतो आणि ते यादीबाहेर बसलं होतं. ताईचं बरोबर.

मग कोण जाणार? जेम्स ब्राउनचा न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधला लाइव्ह अल्बम की सॅम कुकचा मायामीतला? अपोलो ऑक्टोबर १९६२, कंपनीनं पैसे द्यायला नकार दिला म्हणून जेम्स ब्राउननं स्वतःच्या पैशानं रेकॉर्ड केला आणि त्यानं इतिहास घडवला, ३१-३२ मिनिटं, एक क्षण ढिला नाही. सॅम कुकचा हार्लेम स्क्वेअर क्लब जानेवारी १९६३, कंपनीला तो फारच रांगडा वाटला, गोड गाणाऱ्या सॅमची प्रतिमा बिघडेल म्हणून ठेवून दिला, १९८५ मध्ये बाहेर आला. सॅक्सोफोनवर किंग कर्टिस, तोच, 'रिस्पेक्ट' वाला.

अपोलोत लोक जेम्स ब्राउनला बघायला आलेत, थक्क होऊन ओरडतात. मायामीत सॅमचा घसा बसत चाललाय आणि तो लोकांना म्हणतोय तुम्ही गा, आणि ते गातात. सॅम कुक राहिला. आणि तो असल्याशिवाय ओटिस अर्धाच कळतो.

१६ मार्च

डबा पूर्ण. सॅम कुक, ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, मार्विन गे, कर्टिस मेफिल्ड, डॉनी हॅथवे, स्टेपल सिंगर्स, अल ग्रीन. आठातले चार लाइव्ह.

खर्च, प्लेअर आणि बॅटरी २५५०, चांगलं कार्ड ४५०, नकली कार्ड पाण्यात, आठ सीड्या मिळून साडेसात हजारांच्या आसपास, त्या दोन वाया गेलेल्या 'बेस्ट ऑफ' वेगळ्या. चार्जिंगला यूएसबी सोलर पॅनल थेट जोडून बघितलं, ढग आला की प्लेअर बंद-चालू होत राहतो, कार्ड खराब व्हायची भीती. मध्ये छोटी पॉवर बँक ठेवा, पॅनलनं ती भरायची आणि तिनं प्लेअर. शफल सेटिंगमधून बंद केलंय, हे अल्बम उलटसुलट वाजवायचे नाहीत. दुसऱ्या कार्डावर तीच प्रत काढून टेस्ट करून ठेवलीय.

ताईनं स्वतःचा डबा करायला घेतलाय, तिचं पहिलं नाव रोबर्टा फ्लॅक, दुसरं ग्लॅडिस नाइट. तिचा प्लेअर आला की बॅटरी मी बसवून देणार, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.